पोटॅशियम वाढले म्हणजे पेशी फुटल्याच, असे नव्हे

डीएमएलटी (वैद्यकीय लॅब तंत्रज्ञानाचा डिप्लोमा) आणि नर्सिंगच्या विद्यार्थ्यांमध्ये एक उतारा वर्षानुवर्षे हातोहात फिरतो आहे. त्याचा आशय असा: ‘तांबड्या रक्तपेशीचे पटल, म्हणजे तिच्याभोवतीचे पातळ आवरण, सोडियम-पोटॅशियमला बंद असते. पटलातला पंप एक सोडियम बाहेर टाकतो, एक पोटॅशियम आत घेतो. म्हणून सॅम्पलमध्ये किंवा रक्ताच्या पिशवीत पोटॅशियम वाढलेले दिसले, की पेशी फुटल्या असे समजावे. ते टाळण्यासाठी रक्त लगेच फ्रीजमध्ये ठेवावे.’ यातले एकही विधान टिकत नाही, आणि शेवटच्या सल्ल्याने तर रुग्णाचा रिपोर्टच चुकतो.

‘पटल बंद असते.’ प्लाझ्मात, म्हणजे पेशींबाहेरच्या रक्तद्रवात, सोडियम लिटरला सुमारे १४० मिलिमोल असते, पेशीत जेमतेम ५ ते १०. पोटॅशियमचे उलटे: बाहेर ४, आत १००च्या आसपास. एवढी तफावत पाहून पटल बंद असावे असे वाटणे साहजिक आहे. प्रत्यक्षात शरीराच्या तापमानाला एक लिटर पेशींमध्ये ताशी २ ते ३ मिलिमोल सोडियम झिरपत असते. औबेन हे पंप रोखणारे रसायन घालून पंप बंद करा, तीन-चार तासांत आतले सोडियम दुप्पट होते. तफावत टिकते ती पंप अखंड चालतो म्हणून. पंप फार काळ बंद राहिला तर आतल्या हिमोग्लोबिनमुळे पाणी ओढले जाऊन पेशी फुगत जाते.

‘एकास एक.’ पेशीला ऊर्जा पुरवणाऱ्या एटीपीच्या दर रेणूमागे तीन सोडियम बाहेर जातात आणि दोन पोटॅशियम आत येतात. संशोधक रॉबर्ट पोस्ट यांनी १९५७ मध्ये हे प्रमाण मानवी तांबड्या पेशींवरच दाखवले. सगळे आयन याच पंपातून जातात, हेही खरे नाही. क्लोराइड आणि बायकार्बोनेटची अदलाबदल बँड ३ या प्रथिनातून होते. एका पेशीत त्याच्या सुमारे दहा लाख प्रती असतात, आणि त्याला एटीपी लागत नाही.

‘पोटॅशियम वाढले म्हणजे पेशी फुटल्या.’ इथे आकडेमोडच करून पाहावी. सॅगएम या साठवण-द्रावणात ठेवलेल्या तांबड्या पेशींच्या एका पिशवीत साधारण १८० मिलिलिटर पेशी धरल्या, तर त्यांत १८ मिलिमोल पोटॅशियम असते. त्यातल्या १ टक्का पेशी फुटल्या तर ०.१८ मिलिमोल बाहेर येईल. भोवतालचा द्रव १२० मिलिलिटर असेल तर त्यात लिटरला दीड मिलिमोलची भर पडेल. साठवणीच्या ४२व्या दिवशी मात्र त्या द्रवात लिटरला ५० मिलिमोलच्या आसपास पोटॅशियम सापडते, म्हणजे पिशवीत एकूण ६ मिलिमोल. तेवढे फुटण्यातून यायचे तर एक तृतीयांश पेशी फुटायला हव्यात, आणि तसे असते तर भोवतालचा द्रव लालभडक दिसला असता. हे पोटॅशियम अखंड पेशींतून झिरपलेले असते. त्याच वेळी सोडियम आत शिरलेले असते.

याचे कारण तापमानात आहे. २ ते ६ अंशांवर पंप जवळजवळ थांबतो. गळती मंदावते, पण थांबत नाही. हे जुने ज्ञान आहे. थंडीत पोटॅशियम गमावलेल्या पेशी ग्लुकोज देऊन ३७ अंशांवर ठेवल्या की त्या ते परत आत ओढतात, हे संशोधक जॉन हॅरिस यांनी १९४१ मध्येच दाखवले होते. रक्त चढवल्यावर रुग्णाच्या शरीरातही हेच हळूहळू घडते. म्हणून मोठ्या माणसाला संथ गतीने दिलेल्या एका पिशवीतले ६ मिलिमोल सहसा त्रास देत नाहीत. नवजात बाळाला मोठ्या प्रमाणात किंवा भराभर रक्त द्यायचे असेल तेव्हा मात्र ताजी किंवा धुतलेली पिशवी मागावी. विकिरण केलेल्या, म्हणजे किरणांचा मारा दिलेल्या, पेशींची गळती आणखी वाढते, त्यामुळे अशी पिशवी विकिरणानंतर जितक्या लवकर वापरता येईल तितके चांगले.

‘रक्त लगेच फ्रीजमध्ये ठेवावे.’ सर्वांत जास्त घात हाच सल्ला करतो. गावातल्या कलेक्शन सेंटरवरून बर्फाच्या डब्यात, पेशींपासून सीरम (गोठल्यावर उरणारा रक्तद्रव) वेगळे न केलेले रक्त शहरातल्या लॅबमध्ये येते. सीरम स्वच्छ, पिवळसर, हिमोलिसिसचा, म्हणजे पेशी फुटल्याचा, मागमूस नाही. तरी पोटॅशियम ६च्या वर. डॉक्टर त्यावर उपचार सुरू करतात आणि रुग्णाचे खरे पोटॅशियम धोकादायक पातळीपर्यंत उतरू शकते. उलटही होते: उन्हाळ्याच्या उकाड्यात पडून राहिलेल्या सॅम्पलमध्ये पंप जोरात चालतो आणि पोटॅशियम खोटेच कमी दिसते. ग्लुकोज संपले की ते पुन्हा चढू लागते.

योग्य रीत अशी: सॅम्पल खोलीच्या तापमानाला ठेवा, अर्धा तास गोठू द्या, सेंट्रिफ्यूज करा (यंत्रात वेगाने फिरवा) आणि दोन तासांच्या आत सीरम वेगळे काढा. वेगळे काढलेले सीरम मग खुशाल फ्रीजमध्ये ठेवा. सीरम आणि पेशी यांच्यामध्ये जेलचा थर असलेली नळी दुसऱ्यांदा फिरवू नका. जेलखालचा पोटॅशियमने भरलेला द्रव वर येतो. आणि पोटॅशियम खूप जास्त, सोबत कॅल्शियम अविश्वसनीय कमी दिसले, तर जांभळ्या झाकणाच्या नळीतले ईडीटीए (कॅल्शियम बांधून रक्त गोठू न देणारे रसायन) सॅम्पलमध्ये मिसळले आहे का, हे आधी तपासा. त्या नळीत पोटॅशियमचाच क्षार असतो.