उत्कलनबिंदू बघा, वास घेऊ नका

साकीनाक्याच्या गाळ्यात पाण्यावरचा रंग बनवताय आणि सॉल्व्हंट पर्यावरणाच्या नियमात बसणारं हवंय? मग पर्यावरण बाजूला ठेवा आणि नियम वाचा.

युरोपचा २००४ चा नियम सांगतो, की ज्याचा उत्कलनबिंदू २५० अंशांपर्यंत, तेवढंच व्हीओसी, म्हणजे हवेत उडून जाणारं सेंद्रिय रसायन. घरातल्या मॅट भिंतीच्या रंगात ते लिटरमागे ३० ग्रॅमपर्यंत चालतं. तुम्ही टेक्सॅनॉल नावाचं सॉल्व्हंट घ्या, ते उकळतं साधारण २५५ ला. म्हणजे गिऱ्हाइकाच्या बेडरूममध्ये ते आठवडेच्या आठवडे हळूहळू उडत राहणार, पण कागदावर मात्र उडणार नाही. पाच अंशांनी पर्यावरण वाचलं!

हे सॉल्व्हंट घालतात ते बाइंडरचे, म्हणजे रंग भिंतीला धरून ठेवणाऱ्या घटकाचे, कण मऊ करायला. पाणी उडालं की कण एकमेकांना चिकटून पापुद्रा धरतो. गारठ्यात ते जास्त लागतं. आपल्या मे महिन्यात कण निम्मे स्वतःच मऊ पडतात. मऊ बाइंडर घेतलं, तर सॉल्व्हंट नावापुरतं पुरतं. पण फॉर्म्युला थंड देशातून आलाय, आणि आलेल्या पाहुण्याला कमी वाढणं आपल्यात बसत नाही. त्याच न्यायाने डबा गोठू नये म्हणून ग्लायकॉलही राहू द्या. माहीमच्या दुकानात कधी बर्फ पडेल, सांगता येतं का? (ब्रश ओढताना रंग लवकर सुकू नये म्हणूनही ते घालतात, हे कारण खरं आहे. पण फारच साधं.)

अमेरिकेची पद्धत आवडत असेल तर ॲसिटोन. १९९५ पासून ते तिथल्या व्हीओसीच्या यादीत नाही, कारण त्याच्यापासून धुरकं फारसं होत नाही. त्याची वाफ उणे २० अंशांच्या आसपासही पेट घेते, शेजारच्या गाळ्यात ग्राइंडरच्या ठिणग्या उडतायत, हा विषय धुरक्याच्या नियमात येत नाही. तो अग्निशमन दलाचा.

ब्रश आणि बादल्या धुतलेलं पाणी गटारात जाऊ द्या. पुढे मिठी नदी आहेच, तिला एका रंगाने काय फरक पडतो?

राहिला वास. थोडं लॅव्हेंडर घाला आणि डब्यावर हिरवं पान छापा. गणपतीच्या तोंडावर रंगवलेल्या घरातल्या काकू डोकं दुखतंय म्हणाल्या, तर त्यांना ते पान दाखवा. कुठल्या झाडाचं विचारलं, तर कडुनिंबाचं म्हणा.