‘कंत्राटी कामगाराला बेकारी भत्ता नाहीच’ : फिरत्या मेसेजला उत्तर

औद्योगिक वसाहतींतल्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर एक मेसेज सारखा फिरतो. सारांश असा : कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या अटल बीमित व्यक्ती कल्याण योजनेत नोकरी गेल्यावर तीन महिने अर्धा पगार मिळतो, पण फक्त कायम कामगारांना. कंत्राट संपणं म्हणजे नोकरी जाणं नव्हे, दोन कंत्राटांमध्ये ब्रेक (खंड) पडला की मागचं सगळं शून्य, आणि ठेकेदाराने पैसे भरले नसतील तर विषयच संपला.

‘फक्त कायम कामगार’ हे सरळ खोटं. कर्मचारी राज्य विम्याच्या कायद्यातल्या कामगाराच्या व्याख्येत ठेकेदारामार्फत लावलेले लोकही येतात. पगार महिना 21,000 रुपयांपर्यंत असेल (ओव्हरटाइम या मर्यादेत धरत नाहीत) आणि स्लिपवर या विम्याची 0.75 टक्के कपात दिसत असेल, तर तुम्ही विमाधारक आहात.

‘कंत्राट संपणं म्हणजे नोकरी जाणं नव्हे’ हा गोंधळ महामंडळाच्याच दुसऱ्या योजनेतून आला असावा. राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना कारखाना बंद पडणं, कामगार कपात किंवा कायमचं अपंगत्व यासाठी आहे, आणि मुदत संपून कंत्राट न वाढवणं कायद्याने ‘कपात’ ठरत नाही. अटल योजनेत ही अडचण नाही. तिथे गैरवर्तनाची शिक्षा, निवृत्ती, स्वेच्छानिवृत्ती, बेकायदा ठरवलेला संप यांमुळे आलेली बेकारी चालत नाही; मुदत संपणं त्या यादीत नाही. पण राजीनामा दिला तर नोकरी तुम्हीच सोडली असं धरलं जाऊ शकतं, म्हणून हिशेब देताना ठेकेदार छापील राजीनामा पुढे करतो तेव्हा सही करू नका. कंत्राट अमुक तारखेला संपलं, एवढंच लिहिलेलं पत्र मागा.

ब्रेकचं म्हणणं अर्धवट आहे. वर्गणीचे कालखंड दोन : एप्रिल ते सप्टेंबर आणि ऑक्टोबर ते मार्च. 2020 च्या सवलतीनुसार दोन वर्षांची विमाधारक नोकरी हवी, बेकारीच्या लगेच आधीच्या कालखंडात किमान 78 दिवसांची वर्गणी हवी आणि त्याआधीच्या तीनपैकी एका कालखंडात पुन्हा 78. सहा महिन्यांत 78 दिवस भरायला ब्रेक धरूनही जमतं. (सवलतीची मुदत वेळोवेळी वाढवली जाते, अर्जाआधी शाखा कार्यालयात विचारून घ्या.)

ब्रेकचा खरा फटका रकमेला बसतो, आणि त्याबद्दल मेसेज चकार शब्द काढत नाही. रोजची सरासरी काढताना चार कालखंडांची, म्हणजे दोन वर्षांची एकूण कमाई 730 ने भागतात, कामाच्या दिवसांनी नाही. महिना 15,000 पगारावर चोवीसही महिने काम असेल तर 3,60,000 भागिले 730, म्हणजे रोज 493 रुपये. त्याचे निम्मे 90 दिवस, साधारण 22,190. त्याच माणसाला दोन-दोन महिन्यांचे दोन ब्रेक पडले असतील, तर कमाई 3,00,000 आणि हातात सुमारे 18,490. आणि हे 90 दिवस आयुष्यात एकदाच.

ठेकेदाराने वर्गणी भरलीच नाही तर? नियमात ‘भरलेली किंवा देय’ वर्गणी असे शब्द आहेत, म्हणजे भरायची राहिलेलीही धरली जाते. ठेकेदाराने टाळलं तर वर्गणीची जबाबदारी मूळ मालकावर, म्हणजे कंपनीवर येते. तेव्हा हजेरी कार्ड आणि पगार स्लिपा जपून ठेवा, पुरावा तोच.

दावा बऱ्याचदा अडतो तो वेगळ्याच कारणाने. ठेकेदार बदलला की नवा ठेकेदार तुमचा नवा विमा क्रमांक काढतो, आणि तुमचे 78 दिवस दोन खात्यांत विभागले जातात. रुजू होतानाच जुना दहा अंकी क्रमांक सांगा. आधार आणि बँक खातं त्याच क्रमांकाला जोडलेलं हवं.

बेकारीला 30 दिवस झाले की महामंडळाच्या पोर्टलवर स्वतःच्या लॉगिनने दावा करता येतो. तो ठेकेदारामार्फत पाठवण्याची अट 2020 मध्येच काढली आहे, त्यामुळे ‘आधी ठेकेदाराची सही आणा’ असं कुणी म्हटलं तर ऐकू नका.