कारण नाही, तीच तर खरी भीती
लेखात ‘द स्ट्रेंजर्स’ या भयपटाबद्दल (२००८) ‘मारेकऱ्यांना हेतूच नाही, म्हणून कथा पोकळ’ असं म्हटलंय, ते काही पटलं नाही बुवा. मुखवटे घातलेले अनोळखी लोक घरात शिरून एका जोडप्याचा छळ करतात. आमच्याशीच असं का, या जोडप्याच्या प्रश्नाला त्यांच्याकडून उत्तर मिळतं: तुम्ही घरी होतात म्हणून. इथे जुनं वैर, सूडबिड घुसडलं असतं तर सगळी हवाच गेली असती. दिग्दर्शक ब्रायन बर्टिनोच्या लहानपणी असंच कुणीतरी दार वाजवून भलत्याच माणसाची चौकशी करून गेलं होतं. नंतर कळलं की आसपासची ज्या घरांत कुणी नव्हतं ती फोडली गेली. सिनेमातलं ‘तमारा आहे का?’ हे त्यातलंच. फक्त इथे हिशोब उलटा, घरी असणारेच सापडतात.

आणि तो स्वयंपाकघरातला प्रसंग! नायिका लिव्ह टायलर आपल्याच नादात उभी, मागे अंधारातून पोत्यासारखा मुखवटा घातलेला माणूस सावकाश पुढे येतो. संगीताचा दणका नाही, कॅमेरा झेपावत नाही. तिला पत्ताच नाही, बघतोय फक्त आपण. आमच्याकडे सोफ्यावरची उशी तोंडावर गेली होती.

(पुढे शेवट फोडतोय, न पाहिलेल्यांनी थांबा.) शेवटची नायिकेची ती किंकाळी मात्र स्वस्तातली. इतका वेळ संयम ठेवून ऐनवेळी प्रेक्षकाला दचकवायची हौस कशाला? २०१८ चा दुसरा भाग नाही पाहिला तरी चालेल, स्विमिंग पूलचा प्रसंग तेवढा शोधून बघा.