बंदीच्या आधी मावशीचं काय ते बोलूया

मालेगावात ‘कुत्ता गोळी’चा साठा पकडला गेला की आमच्या नाशिककर नातेवाइकांच्या ग्रुपवर एकच मागणी सुरू होते: असल्या गोळ्यांवर सरसकट बंदी घाला. नशेसाठी चोरून विकली जाणारी कुत्ता गोळी म्हणजे बहुतेक वेळा अल्प्राझोलम, चिंता आणि झोपेवरचं औषध. पंचवटीत माझ्या मावशीच्या फ्रिजवरच्या डब्यात तेच औषध ६ वर्षं आहे. काका गेले तेव्हा तिला झोप येईना, म्हणून डॉक्टरांनी १५ दिवसांसाठी लिहून दिलं होतं.

इथे लीड्समध्ये मागच्या हिवाळ्यात माझी कंबर धरली. वाकून मोजे घालता येईनात. डॉक्टरबाईंनी अल्प्राझोलमच्याच घराण्यातलं (बेन्झोडायझेपिन) डायझेपाम दिलं, ५ दिवसांपुरतं. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचा परिणाम ही औषधं वाढवतात, म्हणून चिंता, झोप आणि आखडलेले स्नायू या तिन्हींवर ती चालतात. आणखी मागितल्यावर बाई सरळ नाही म्हणाल्या. ब्रिटनमध्ये १९८८ पासूनच सूचना आहे की चिंतेवर ही औषधं २ ते ४ आठवड्यांपुरतीच द्यावीत.

आपल्याकडे नियम नाही असं नाही. २०१४ पासून ही दोन्ही औषधं एच-१ यादीत आहेत. मेडिकलवाल्याने चिठ्ठी बघून रुग्णाचं आणि डॉक्टरांचं नाव वहीत लिहायचं, ती वही ३ वर्षं जपायची. मावशीला मात्र जुन्या चिठ्ठीवर पाकीट मिळतं, कारण दुकानदार तिला लग्न होऊन आली तेव्हापासून ओळखतो. त्या ओळखीला मी नावं ठेवणार नाही. इथे माझ्या मैत्रिणीला झोपेच्या तक्रारीसाठी समुपदेशक मिळायला ५ महिने लागले. मावशीला त्याच संध्याकाळी डॉक्टर भेटले होते. पण इतक्या ओळखीच्या माणसाने ‘मावशी, ही गोळी अजून कशाला?’ एवढं विचारायला हवं होतं. गेल्या पावसाळ्यात ती पहाटे उठताना तोल जाऊन मोरीत पडली, मनगट मोडलं. उतारवयात या गोळ्यांनी पडण्याचा धोका वाढतो, हे तिला तोवर कुणीच सांगितलं नव्हतं.

म्हणूनच बंदीची भाषा ऐकली की मला भीती वाटते. वर्षानुवर्षं घेतलेली गोळी एकदम तोडली तर झोप उडते, जीव घाबरा होतो, फिटसुद्धा येऊ शकते. न्यूकॅसलला डॉ. हीदर ॲश्टन यांनी १९८२ ते १९९४ या काळात फक्त ही औषधं सोडवण्यासाठी बाह्यरुग्ण विभाग चालवला. अल्प्राझोलमसारखं लवकर उतरणारं औषध टप्प्याटप्प्याने बदलून शरीरात जास्त काळ टिकणाऱ्या डायझेपामवर यायचं आणि मग तेही थोडं थोडं कमी करायचं, अशी त्यांची पद्धत होती. त्याला महिने लागतात, कधी वर्षही. पोलिसांनी साठे जरूर पकडावेत. पण घराघरांत अडकलेल्या अशा मावश्यांना सोडवण्याचं काम डॉक्टरांचं आणि मेडिकलवाल्याचं आहे, आणि त्याबद्दल आमच्या ग्रुपवर कुणी अवाक्षर काढत नाही.

मावशीने डॉक्टरांची पुढच्या सोमवारची वेळ घेतली आहे. सगळ्या जुन्या चिठ्ठ्या सोबत ने, असं मी तिला फोनवर सांगितलं. आणि तोवर स्वतःच्या मनाने गोळी बंद करू नकोस, हे दोनदा सांगितलं.