काडेपेटी आहे का?

आधीच्या भाडेकरूने 11 महिन्यांत आमच्या कोथरूडच्या फ्लॅटचा हॉल असा पिवळा केला, की रंगाऱ्याने विचारलं, "काका, ही शेड कुठून आणलीत?" चारचौघांत सिगारेट ओढली तर सरकार 200 रुपयांपर्यंत दंड करतं. मला रंगकामाला त्याच्या शंभरपट लागले. त्यामुळे यापुढे सिगारेटवाल्याला जागा नाही! करारात कलमच घातलं.

पण ओळखायचा कसा? लिव्ह अँड लायसन्स नोंदवताना आधार, पॅन, अंगठा, फोटो सगळं घेतात, वर पोलीस पडताळणी. फुप्फुसांचा सातबारा मात्र कुठलाच तलाठी देत नाही.

सरळ विचारलं. एक म्हणाला, "कधीतरी, पार्टीत." दुसरा म्हणाला, "मी नाही हो, मित्र ओढतात." तिसरा, "फक्त बाल्कनीत." बाल्कनी आम्ही केव्हाच हॉलमध्ये घेतलीय. (सोसायटीत बोलू नका.)

मग मी युक्ती काढली. गप्पांच्या ओघात म्हणायचं, "देवापाशी दिवा लावायचा राहिलाय, काडेपेटी आहे का?" पाचांपैकी तिघांनी खिशातून लायटर काढला. त्यातल्या एकाने तर स्वतःच दिवा लावून हात जोडले. ही लगेच विरघळली, "मुलगा संस्कारी आहे हो!" मी मन घट्ट केलं.

शेवटी कराडकडचा एक मुलगा आला. खिशात रुमाल आणि पीएमपीचा पास, गळ्यात तुळशीची माळ. तिथल्या तिथे किल्ली दिली.

दुसऱ्याच रविवारी खालच्या मजल्यावरच्या काकूंचा फोन, "तुमच्या फ्लॅटला आग लागलीय!"

धावत गेलो. दारातच ठसका लागला. आत धुराचा लोट, आणि त्यात गावाहून आलेली त्याची आई, गॅसवर तवा ठेवून मिश्रीसाठी तंबाखू भाजत होती. मुलगा कोपऱ्यात नाकाला रुमाल लावून उभा.

"अहो, करारात धूम्रपानाला बंदी आहे!" मी डोळे पुसत म्हणालो.

"मी काय वढतीय व्हय? दात घासायला हाय ती," आई म्हणाली.

मी करार आठवून पाहिला. समोर धूर होता, तंबाखूचं पान होतं, पण धूम्रपान नव्हतं.

हरून जिना उतरू लागलो. काकू दारातच उभ्या.

"आग नाही ना?"

"नाही. मिश्री भाजतायत."

काकूंनी आत नजर टाकली, काका पेपरात होते. मग हळूच म्हणाल्या, "सासूबाई गेल्यापासून असा वास नव्हता हो आला. जरा विचाराल का, डबीभर मिळेल का?"