प्रतिष्ठान करावे नेटके

निवडणूक जिंकली असेल तर आभार म्हणून आणि हरली असेल तर आधार म्हणून, नेत्याने एक प्रतिष्ठान काढावंच. कारखान्याला ऊस लागतो, दूध संघाला दूध लागतं. कला, संस्कृती आणि सामाजिक न्यायाला लेटरहेड पुरतं. नाव शक्यतो दिवंगत वडिलांचं द्या. स्वर्गीय माणसाच्या नावाने वर्गणी मागितली की नाही म्हणणारा वाईट दिसतो.

१८६० च्या संस्था नोंदणी कायद्याला सात माणसं लागतात. तीच संस्था मग १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायद्याखाली धर्मादाय कार्यालयात न्यास म्हणूनही नोंदवायची. सातांची मोट अशी बांधा: वहिनीसाहेब अध्यक्ष, चिरंजीव सचिव, लग्न झालेली कन्या (आडनाव बदललेलं असतं, यादी व्यापक दिसते), खजिनदार मेहुणे, एक सीए, एक ड्रायव्हर आणि मराठीचे एक निवृत्त प्राध्यापक. प्राध्यापकांना वगळू नका, मानपत्र तेच लिहितात आणि फुकट लिहितात. ज्यांच्या न्यायासाठी हे सगळं चाललंय त्यांच्यातला कुणी हवाच असेल, तर त्याला सल्लागार मंडळावर घ्या. सल्लागाराचा फोटो पत्रिकेत येतो, ठरावावर सही येत नाही.

सभागृहासाठी खासदार निधीवर डोळा असेल तर जरा थांबा. खासदार स्वतः किंवा त्याचे कुटुंबीय पदाधिकारी असलेल्या संस्थेला तो निधी मिळत नाही, आणि मार्गदर्शक सूचनांतलं 'कुटुंब' तुमच्या लग्नपत्रिकेतल्या निमंत्रकांइतकं लांबलचक असतं. तिथे ड्रायव्हर अध्यक्ष. कंपन्यांचा सीएसआर, म्हणजे मोठ्या कंपन्यांनी समाजकार्याला द्यायचा पैसा, त्याहून सोयीचा: मागच्या तीन वर्षांच्या सरासरी नफ्याचे २ टक्के, आणि कला-संस्कृती कंपनी कायद्याच्या सातव्या अनुसूचीत चक्क लिहिलेली आहे. अडचण एवढीच, की बाहेरच्या संस्थेला पैसे देताना तीन वर्षांच्या कामाचा पुरावा मागतात. तेव्हा कलेवर प्रेम मतदानाच्या किमान चार वर्षं आधी बसलं पाहिजे. आचारसंहितेच्या तोंडावर बसलेलं प्रेम कंपनीच्या कारकुनालाही कळतं. देणगीदाराला आयकर सवलतीची पावती द्यायची असेल तर २,००० रुपयांच्या वर रोख घेऊ नका, त्यावर त्याला करसवलत मिळत नाही. ठेकेदार रोखीचाच आग्रह धरत असेल तर त्याला सवलत वेगळीच हवी असते.

आता महोत्सव. तारीख तुमच्या वाढदिवसाची, पत्रिकेत मात्र 'लोककला संवर्धन'. शंभर रुपयांतले ४० मंडप, ध्वनी, प्रकाश आणि एलईडी पडद्याला, २२ मालिकेतल्या तारकेला, १५ फ्लेक्सला, १२ जेवणावळीला, ६ शाली आणि स्मृतिचिन्हांना. उरलेले ५ कलावंतांना. हे प्रमाण चुकवू नका. कलावंताला ४० दिले तर तो चांगला कार्यक्रम करतो आणि लोक त्याच्याबद्दल बोलत घरी जातात.

वेळ संध्याकाळी ६ ची छापा आणि सव्वाआठला पोहोचा. मोकळ्या मैदानावर समईची वात चटकन पेटत नाही, पाच वातींना चार काड्या आणि एक मेणबत्ती धरून चला. त्यात छायाचित्रकार 'साहेब, परत एकदा' म्हणणारच. मग स्वागतगीत, प्रास्ताविक, व्यासपीठावरच्या एकोणीस जणांचा सत्कार, मनोगतं. रात्री १० ला ध्वनिक्षेपक बंद करावा लागतो. मध्यरात्रीपर्यंत सवलत असलेले दिवस वर्षाला फार तर १५ आणि त्यांत तुमचा वाढदिवस बसवायला जिल्हाधिकारी अजून तयार झालेले नाहीत. म्हणजे साडेनऊला भाषण आटोपलं तर लावणीला अर्धा तास. ढोलकीवाल्याने सात वाजता ढोलकी चढवून ठेवलेली असते. रात्रीच्या गारव्यात ती तोवर उतरते. तो पडद्याआड पुन्हा ठाकठोक करू लागला की सूत्रसंचालकाला माइक हातात घेऊन 'थोडासा तांत्रिक व्यत्यय' म्हणायला सांगा. व्यत्यय भाषणांचा होता हे कुणाच्या ध्यानात येत नाही.

ज्येष्ठ कलावंतांचा गौरव जरूर करा, पण मानपत्र लिहून घेताना काळजी घ्या. राज्य सरकारची ज्येष्ठ साहित्यिक-कलावंत मानधन योजना आहे, राजर्षी शाहूंच्या नावाची, दरमहा ५,००० रुपये. तिच्या अर्जाला वयाच्या आणि उत्पन्नाच्या दाखल्याबरोबर कलाक्षेत्रातल्या अनेक वर्षांच्या कामाचे पुरावे जोडावे लागतात. तुमच्या मानपत्रावर आधार कार्डावरचं नाव, कलाप्रकार, तारीख, ठिकाण आणि नोंदणी क्रमांकाचा शिक्का असेल, तर तो कागद त्या अर्जाला जोडता येईल. म्हणून 'कलेच्या नभांगणातील ध्रुवतारा' इथपासून 'सरस्वतीचे लाडके लेकरू' इथपर्यंत सगळं असू द्या. तारीख नको, आणि नाव फक्त 'बापू'.

तमाशाच्या फडाला पैसा कधी लागतो, हेही माहीत असू द्या, म्हणजे नेमका तेव्हा फोन बंद ठेवता येतो. मोठ्या फडात माणसं शेकड्याच्या घरात. हंगाम दसऱ्याला सुरू होतो, पण कलाकारांना उचल त्याआधी द्यायची असते, ऐन पावसाळ्यात, तंबू गुंडाळून पडलेला असताना. ती सावकाराकडून येते. त्या वेळी बिनव्याजी रक्कम फिरवणारं एखादं प्रतिष्ठान निघालं तर फडमालक सावकाराच्या दारातून सुटेल. पण त्याचा फोटो कसा काढणार? त्यापेक्षा गुढीपाडव्याच्या सुमाराला पुणे जिल्ह्यातल्या नारायणगावला जा. तिथे फडांच्या राहुट्या लागलेल्या असतात, गावोगावचे यात्रा कमिटीवाले तमाशाची सुपारी द्यायला आलेले असतात, गर्दी आयती मिळते.

सामाजिक न्यायाला जयंत्यांचं कॅलेंडर पुरतं. ३ जानेवारी सावित्रीबाई, ११ एप्रिल जोतीराव, १४ एप्रिल बाबासाहेब, २६ जून शाहू महाराज, १ ऑगस्ट अण्णाभाऊ साठे. पाच फ्लेक्स एकदमच छापले तर स्वस्त पडतात, महापुरुष बदलतात, तुमचा फोटो तोच. शाहू महाराजांचं नाव भाषणात घ्या, पण फार खोलात शिरू नका. त्यांनी १९०२ साली संस्थानाच्या नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखून ठेवल्या, कोल्हापुरात नाट्यगृह बांधलं आणि तेव्हा अस्पृश्य मानल्या जाणाऱ्या समाजातल्या गंगाराम कांबळे यांना चहाचं हॉटेल काढायला लावून बरोबरच्या मंडळींसकट तिथला चहा प्यायला. नाट्यगृहाला तुमचं नाव देता येईल. चहाचं बघा बुवा, मतदारसंघात काही घरं अशी आहेत की तिथे गेल्याचं दुसऱ्या आळीत लगेच कळतं.

जातीय अत्याचाराची फिर्याद घेऊन कुणी आलंच, तर 'दोन्ही समाजांनी सामंजस्याने घ्यावं' हे वाक्य पाठ असावं. अनुसूचित जाती-जमातींसाठीच्या १९८९ च्या अत्याचार प्रतिबंधक कायद्यात सामंजस्य नाही, गुन्हा नोंदवणं आणि ६० दिवसांत आरोपपत्र आहे. पण फिर्यादी कायदा वाचून आलेला नसतो. शिवाय याच कायद्याच्या १९९५ च्या नियमांप्रमाणे जिल्ह्यात एक दक्षता व नियंत्रण समिती असते. जिल्हाधिकारी अध्यक्ष, तीन महिन्यांतून किमान एकदा बैठक आणि निवडून आलेले आमदार-खासदार त्यात सदस्य. होय, जिंकला असाल तर तुम्हीही. वेगळं प्रतिष्ठान न काढता, एक पैसा न जमवता हे काम तुमच्याकडे आधीच आहे. तपास कुठे अडला, पीडिताला मदतीचा हप्ता मिळाला का, हे तिथे नावागावासह विचारता येतं. तिथे दीपप्रज्वलन नसतं. गेला नाहीत तरी चालतं, इतिवृत्तात 'अनुपस्थित' एवढंच लिहितात आणि ते कोण वाचतं?

कागदपत्रांत एकच ठिकाण धोक्याचं. विश्वस्त वारला, सुटला किंवा भांडून गेला की ९० दिवसांत धर्मादाय कार्यालयात बदल अर्ज द्यावा लागतो. सगळेच तो लांबवतात. मग पक्ष फुटतो, मेहुणे पलीकडे जातात, दोन कार्यकारिण्या दोन बदल अर्ज घेऊन उभ्या राहतात, बँक खातं गोठवते आणि यंदाचा लोककला पुरस्कार दोन जणांना वेगवेगळ्या मैदानांवर जाहीर होतो. शाली मात्र दोन्हीकडे एकाच दुकानातून येतात.

एवढं करूनही एखादा शाहीर गेल्या वर्षीचं मानधन अजून मिळालं नाही म्हणून वर्तमानपत्रात गेला, तर खुलासा-बिलासा करत बसू नका. यंदाचा जीवनगौरव त्यालाच द्या, रोख रक्कम 'लवकरच खात्यावर' म्हणा.