पेन्सिलीचे तेवीस ठिपके

बाबांची फोन नंबरांची डायरी गेल्या महिन्यात माझ्याकडून बसमध्ये पडली. तळहाताएवढी, निळ्या रेक्झिनच्या कव्हरची, कडेला अक्षरांच्या पायऱ्या कापलेली. बाबांना जाऊन चार वर्षं झाली. त्यांचं अक्षर जवळ असावं म्हणून मी ती पर्समध्ये ठेवते, दुसरं काही कारण नाही. ओळखीतलं कुणी गेलं की बाबा त्या नावावर काट मारत नसत, नावाभोवती बारीक चौकट काढत. शेवटच्या वर्षांत चौकटी बऱ्याच झाल्या होत्या.

डेपोत दोनदा जाऊन आले. तिथल्या माणसाने शोधाशोध केली आणि विचारलं, "आत पैसे होते का?" नाही म्हटल्यावर म्हणाला, "मग कोण आणून देणार, ताई?" तो वाईट बोलला नाही, त्याला खरंच तसं वाटत होतं. मलाही तेच वाटलं. सापडली असेल तरी कुणीतरी चाळून फेकून दिली असेल.

अकराव्या दिवशी आत्याचा फोन. "अगं, कुणी एक गृहस्थ दादाची डायरी सापडलीय म्हणतायत. मी आधी फसवाफसवीचा फोन समजून कट केला. त्यांनी पुन्हा लावला."

मी त्यांना फोन केला तेव्हा त्यांनी आधी एकच गोष्ट विचारली. "मागच्या कव्हरच्या खिशात काय आहे, सांगाल?" मी म्हटलं, माझा दुसरीतला फोटो, दोन वेण्या, एका वेणीची रिबीन सुटलेली. पलीकडून क्षणभर काहीच आवाज आला नाही. मग म्हणाले, "तुमचीच आहे हो. या घेऊन जा."

भेटल्यावर सगळं कळलं. पहिल्या पानावर बाबांनी "ही डायरी सापडल्यास" असं लिहून घरचा लँडलाइन नंबर दिला होता. बाबा गेल्यावर तो फोन आम्हीच बंद केला. माझ्या नावापुढे माझा जुना नंबर, तोही बंद. म्हणून या काकांनी 'अ'पासून सुरुवात केली. रोज संध्याकाळी घरी आल्यावर दोन-तीन नंबर. काही लँडलाइन इतके जुने की त्यांना आता एक आकडा कमी पडतो. काही नंबर दुसऱ्याच माणसांकडे गेलेले. दोघांनी त्यांना चोर समजून शिव्या घातल्या. लावलेला नंबर पुन्हा लागू नये म्हणून त्यांनी प्रत्येकापुढे पेन्सिलीने ठिपका केला होता. डायरी हातात देताना म्हणाले, "थोड्या खुणा केल्यात, पण खोडरबरने जातील."

मी मोजले. तेवीस ठिपके आहेत. चौकटीतल्या एकाही नावापुढे ठिपका नाही. चौकटीचा अर्थ त्यांना कुणी सांगितला नव्हता, तो त्यांना आपोआप कळला.

हे ज्यांना सांगितलं ते सगळे म्हणाले, "अजून प्रामाणिक माणसं आहेत जगात." आहेतच. पण मला इथे तो शब्द पुरत नाही. डायरी ठेवून घेऊन त्यांना काय मिळणार होतं? मोह व्हावा असं तिच्यात काहीच नव्हतं. ती सीटवर तशीच सोडून ते उतरले असते तर कुणी त्यांना अप्रामाणिक म्हटलं नसतं. त्यांनी जे केलं त्याला मी कष्ट म्हणेन. आणि त्या कष्टांच्या आधी त्यांच्या मनात एक गोष्ट यावी लागली: आपल्याला कवडीमोलाची वाटणारी ही वस्तू कुणाचा तरी जीव की प्राण असू शकते.

याच विषयावरचा एक मोठा प्रयोग 2019 साली 'सायन्स' या नियतकालिकात प्रसिद्ध झाला होता. संशोधकांनी 40 देशांतल्या 355 शहरांत 17,000हून जास्त पाकिटं "रस्त्यात सापडलं" म्हणून हॉटेलं, बँका, पोस्ट ऑफिसांच्या काउंटरवर दिली आणि तिथले कर्मचारी मालकाला कळवतात का ते पाहिलं. पाकिटात पैसे असले तर लोक ते ठेवून घेतील, असा सामान्य लोकांचा अंदाज होता; खरं काय होईल ते अर्थतज्ज्ञांनाही ओळखता आलं नाही. झालं उलट. पैसे नसलेल्या पाकिटांपैकी 40 टक्क्यांच्या बाबतीत निरोप आला, पैसे असलेल्यांत 51 टक्के. पण माझं मन अडकलं ते किल्लीपाशी. पाकिटांत एक किल्लीही होती. तीन देशांत काही पाकिटांतून ती मुद्दाम काढून ठेवली, तर निरोप येण्याचं प्रमाण कमी झालं. किल्ली सापडणाऱ्याच्या काहीच कामाची नसते. ती फक्त हरवलेल्याच्या कामाची. तरी तिच्यासाठी माणसं फोन उचलतात. बाबांची डायरी म्हणजे अशीच एक किल्ली होती.

मी पाकिटात पैसे घालून नेले होते. ते पुढे केल्यावर त्यांचा चेहरा उतरला आणि मला फार अपराधी वाटलं. फोटो नको म्हणाले, नाव कुठे लिहू नका म्हणाले. म्हणून लिहीत नाही.

दोन विनंत्या आहेत, मनापासून. जपून ठेवलेल्या वस्तूंवर आज चालू असलेला नंबर लिहा. आणि अनोळखी माणूस "तुमचं काहीतरी सापडलंय" म्हणाला तर ओटीपी, पैसे काही देऊ नका, पण अर्धा मिनिट ऐकून घ्या. आत्याने दुसऱ्यांदाही फोन कट केला असता तर ते आणखी किती नंबर लावत बसले असते कोण जाणे.

एक सांगायचं राहिलं. निघताना त्यांनी विचारलं, "तुमचे वडील पेटी छान वाजवायचे ना?" मी बघतच राहिले. सोळाव्या ठिपक्यावर बाबांच्या जुन्या ऑफिसातले एक स्नेही भेटले होते. माझा नंबर त्यांच्याकडे नव्हता, पण बाबांबद्दल ते या अनोळखी माणसाशी वीस मिनिटं बोलत होते. डायरी सापडली म्हणजे बाबाही कुठेतरी असतीलच, असं दोघंही धरून चालले होते.

परवा मी त्या स्नेह्यांना फोन केला. बाबा गेल्याचं सांगितलं. ते बराच वेळ काही बोलले नाहीत, मग म्हणाले, "पेटी कुणाकडे आहे आता?" माझ्याकडे आहे म्हटलं. रविवारी येतायत.